वावटळ चालत नाही

४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

फोन करणार होतो. पण तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला काय बोलावं ते सुचणार नाही. पत्रात निदान वाक्य खोडता येतं. हे दुसऱ्या कागदावरचं आहे. पहिल्यावर खाडाखोड इतकी झाली की तुझ्या वहिनीने तो सामानाच्या यादीसाठी नेला.

इकडे सगळं ठीक. तबेल्याच्या मागच्या बाजूचे पत्रे बदलले, त्यामुळे आता तीन नंबरच्या खणात पाणी येत नाही. आजीबाईचे पुढचे दात इतके झिजलेत की तिला चारा भिजवून द्यावा लागतो, तरी शेजारच्या घोड्याच्या तोबऱ्यात तोंड घालायची सवय काही जात नाही. चिंगी उंचीने तुझ्या वहिनीच्याही पुढे गेली आहे आणि त्या बळावर घरात आईशी भांडते. वहिनी विचारत होती, तिकडे थंडी फार आहे का, तू दुसरं ब्लँकेट घेतलंस का. ती विचारते आहे, मी नाही; म्हणजे मीही, पण तिने आधी विचारलं.

वावटळ चांगली आहे. अंगाने भरली आहे. खरारा करताना अजून पोटाखाली ब्रश लावू देत नाही, तुला माहीतच आहे. मागच्या आठवड्यात तिच्या पाठीवर खोगीर ठेवून पाहिलं. रिकामं. तिने कान हलवले आणि मग झोपाळू चेहरा करून उभी राहिली. तू तिच्यावर जे काम केलंस ते चांगलं केलंस, हे मला लिहायला हवं होतं, ते लिहितो.

सहजच विचारतो: तू तिला लांब दोरीवर गोल फिरवायचीस तेव्हा ती कधी मधेच थांबायची का? मुद्दाम काही नाही. वेळ असेल तर कळव.

तुझा
दादा


१३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. चिंगीला मात्र तुझं पाकीट आलं. ते तिने दप्तरात ठेवलं आणि दप्तर उशाशी घेऊन झोपते, म्हणजे मी वाचू नये. मी वाचणार नव्हतो. पण तिला तसं वाटावं, याचा विचार करत राहिलो.

मागच्या पत्रात खोगीर रिकामं होतं असं लिहिलं. ते त्या दिवशीपुरतं खरं होतं. पत्र टाकलं त्याच्या आदल्या दिवशी त्यावर चिंगी बसली होती. मी हे लपवलं. मुद्दाम लपवलं, हे लिहिताना लाज वाटते, पण "सांगायचं राहून गेलं" असं लिहिलं असतं तर अधिक वाटली असती.

तू जाताना एकच गोष्ट मागितली होतीस. सुट्टीत परत येईपर्यंत वावटळीवर कोणाला बसवू नकोस. फाटकापाशी तू बॅग खाली ठेवून ते म्हणालीस आणि मी हो म्हणालो. अर्धवट नाही, चांगला मान हलवून हो म्हणालो.

कारण सांगतो, पण कारण म्हणून वाच, सबब म्हणून नको. मालकीणबाई गेल्या महिन्यात तबेल्यात आल्या, प्रत्येक खणासमोर उभ्या राहिल्या, आणि वावटळीसमोर आल्यावर म्हणाल्या, "ही काय करते?" मी म्हणालो, वाढते आहे. त्या म्हणाल्या, "मास्तर, ते तर गवतही करतं." हिवाळ्याचे वर्ग सुरू होण्याआधी ती पाठीवर माणूस घेऊन रिंगणात नीट फिरली पाहिजे, नाहीतर घोड्यांच्या दलालाला बोलावते, असं सांगून गेल्या. दलाल घोडी कुठे नेतो ते तुला सांगायला नको. मागच्या वर्षी इथून गेलेला तांबडा घोडा तू वीटभट्टीच्या रस्त्यावर पाहिला होतास आणि त्या दिवशी जेवली नव्हतीस.

म्हणून चिंगीला बसवलं. ती हलकी आहे, हात मऊ आहेत. तुझ्याच हाताखाली शिकली आहे. आणि अडचण ही आहे की वावटळ चालत नाही.

चालत नाही म्हणजे, हातात धरून नेली तर चालते. दाराशी नेली, पाण्यावर नेली, मैदानाला फेरी मारून आणली, कशालाही ना नाही. चिंगी वर बसली की पहिली पावलंही टाकते. रिंगणाच्या पहिल्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि थांबते. पाय रोवत नाही, उधळत नाही, कान मागे पाडत नाही. नुसती थांबते, मान खाली घालते, अपराध्यासारखी. टाच मारली तर कातडी थरथरते पण पाऊल उचलत नाही. मग मी जाऊन लगाम धरला की निघते, पुन्हा पुढच्या कोपऱ्यापर्यंत.

वहिनी म्हणते, हिचं नाव वावटळ ठेवायची बुद्धी कोणाला झाली. मी तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "तरीच, तिला विनोद कळायचा."

कोपऱ्यात काय आहे ते शोधण्यात आठवडा गेला. तिथे वाळूची बादली होती, ती हलवली. खांबाला पांढरा पट्टा होता, त्यावर रंग मारला. गटाराच्या जाळीवर फळी टाकली. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तोंडात हात घालून दात पाहिले, पाठ बोटांनी दाबत नेली, चारही खूर ठोकून पाहिले आणि म्हणाले, घोडी माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. खोगीर बदललं. आजीबाईला पुढे चालवलं, म्हणजे बघून बघून येईल. आजीबाई निघून गेली आणि ही कोपऱ्यात उभी.

मी रिंगणाच्या मध्यभागी उभा असतो, नेहमीसारखा. चिंगीचं बसणं कोपऱ्यावर बिघडतं, बाहेरचा खांदा पडतो, ते सांगावं लागतं. नीट बस, खोल बस, टाच खाली. इतक्या वर्षांत किती मुलांना हे ओरडलो असेन. ती वळण घेते आणि मी सांगतो आणि घोडी थांबते, आणि मला वाटतं, चिंगीच्या बसण्यातच काहीतरी आहे जे घोडीला कळतं आणि मला कळत नाही. म्हणून आणखी सांगतो.

तुझं मत काय? रागात असलीस तरी मत दे.

दादा


२५ ऑक्टोबर

धाकटे,

आज लिहिण्यासारखं चांगलं काही नाही, पण न लिहिणं म्हणजे पुन्हा लपवणं, म्हणून बसलो आहे.

मी चाबूक दाखवायला सुरुवात केली आहे. लांब दांड्याचा, दोरीवर फिरवताना वापरतो तो. चिंगीला छोटा चाबूक दिला होता, तो तिने पहिल्याच दिवशी कुंपणावर लटकवून ठेवला आणि म्हणाली, मला हातात धरवत नाही. मग मी मागे उभा राहिलो.

"दाखवायला" हा शब्द मी तीनदा वाचला. तो बरोबर नाही. पहिल्या दिवशी दाखवला. दुसऱ्या दिवशी मागच्या पायांना लागला. तिसऱ्या दिवसापासून मी तो लागावा म्हणूनच मारतो आहे.

रोज लिहायची मला सवय आहे, तुला ठाऊक आहे, तू त्यावरून मला "इतिहासाचार्य" म्हणायचीस. गेल्या काही दिवसांची पानं काल उघडून पाहिली. "वा. सोबत काम. प्रगती कमी." इतकंच. स्वतःपुरतं लिहितानाही माणूस कोणाला फसवत असतो, कळत नाही.

झालं ते असं होतं. घोडी कोपऱ्यात थांबली. मी मागून मारलं. ती दचकून पुढे झेपावली, चिंगीची एक रिकीब सुटली, ती डावीकडे कलली. मी घाबरलो. ओरडलो, बस, खाली बस, आयाळ धर. आणि घोडी जिथल्या तिथे थांबली. इतकी अचानक की चिंगी तिच्या मानेवर आदळली. चिंगीला लागलं नाही, ओठ थोडा फुटला. पण मला वाटलं, ही आता मुद्दाम करते आहे. झेप घ्यायची आणि थांबायचं, म्हणजे पोर पडेल. मला हे खरंच वाटलं. आणि मी तिला त्यासाठी मारलं.

मारताना ती हलली नाही. मान खाली घालून उभी होती. तिने लाथ मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

चिंगी उतरली, लगाम माझ्या हातात दिला आणि तबेल्याकडे चालू लागली. मग वळून म्हणाली, आत्याला सांगशील का? मी म्हणालो, सांगेन. म्हणून हे पत्र.

तुझ्यासारखी माणसं जनावरांना लाडावून ठेवतात आणि त्याचा त्रास पुढच्या माणसाला होतो, असं एक वाक्य माझ्या मनात तयार झालं होतं. ते लिहिलं नसतं तर तुला कळलं नसतं. लिहून ठेवतो, कारण मारताना ते माझ्या डोक्यात होतं.

दादा


६ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

चांगली बातमी. वावटळ चालली.

नुसती चालली नाही. पूर्ण फेरी, मग दुसरी, मग दुसऱ्या बाजूने. काल तर दुडक्या चालीने रिंगणाच्या चारही कोपऱ्यांतून अशी गेली की चिंगी खाली उतरल्यावर हसणं थांबवू शकेना. मानेची कमान, पावलं मोकळी. तू पाहायला हवी होतीस. हे मी टोमण्याने म्हणत नाही.

माझा मात्र आवाज गेला आहे. सर्दी घशात उतरली आणि गेल्या शनिवारी सकाळी तोंड उघडलं तर आत कोणी दार ओढल्यासारखा आवाज आला. डॉक्टरांनी सांगितलं, कुजबुजायचंही नाही. वहिनीने लगेच शेजारी फोन करून सांगितलं की घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच आहे. मी पाटी घेऊन फिरतो. मुलांना हातवारे करून शिकवतो. खांदा पडला की स्वतःच्या खांद्यावर थाप मारतो, टाच खाली हवी तर स्वतःची टाच जमिनीवर आपटतो. मुलं म्हणतात, सर नाचतात.

मला वाटतं, चाबकाचा परिणाम उशिरा झाला. असं होतं. जनावर लगेच मानत नाही, रात्रभर मनात घोळवतं आणि एक दिवस ठरवतं. मी जे केलं ते कठोर होतं, पण फुकट गेलं नाही, असं आता म्हणता येईल. मागचं पत्र वाचून तुला वाईट वाटलं असेल. हे वाचून थोडं कमी वाटेल अशी आशा आहे.

चिंगीचा या बाबतीत काहीतरी वेगळा सिद्धांत आहे. परवा जेवताना म्हणाली, बाबा, मला कळलंय ती का थांबायची. मी पाटीवर लिहिलं, "मलाही." ती म्हणाली, नाही, ऐक तरी. मला पाटीवर वाद घालता येत नाही, म्हणून हाताने 'नंतर' अशी खूण केली. तिच्या वयात सगळ्यांना सगळं कळलेलं असतं.

मालकीणबाई बारा तारखेला पाहायला येणार आहेत. तोवर घसा सुटेल असं डॉक्टर म्हणतात. वावटळ राहील, धाकटे. तू सुट्टीत येशील तेव्हा ती तिच्याच खणात असेल.

तुझा
दादा


१३ नोव्हेंबर

धाकटे,

काल मालकीणबाई आल्या होत्या. घोडी चालली नाही. दलालाला सोमवारी बोलावलं आहे. मी शक्य ते केलं.

तुला आधीच कळावं म्हणून लिहिलं.

दादा


१४ नोव्हेंबर

धाकटे,

कालचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहिलो. आत हात घालून ते परत काढता येईल का, असं पाहिलं. येत नाही. तुला ते आधी मिळेल आणि हे नंतर. तर त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, हे आधी लिहितो.

परवा सकाळी आवाज आला होता. खरखरीत, पण आला होता. मालकीणबाई कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसल्या, सोबत दोन मुलांचे पालक होते. चिंगीने एक फेरी काढली. सुरेख. मालकीणबाई पालकांना म्हणाल्या, ही आमची नवीन घोडी. मी मधोमध उभा होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की बोलावंसं वाटलं. दुसऱ्या फेरीला, पहिल्या कोपऱ्यावर चिंगीचा खांदा थोडा पडला. मी म्हणालो, "छान, आता जरा खोल बस."

वावटळ थांबली.

मान खाली. तसंच सगळं. चिंगीने माझ्याकडे पाहिलं. ती टाच मारत नव्हती, नुसती पाहत होती. मालकीणबाई खुर्चीत पुढे झाल्या. मी कुंपणाकडे गेलो, चाबूक घेतला. चिंगी म्हणाली, बाबा, नको. मी मारलं. पालकांपैकी एक बाई तोंडावर हात ठेवून उठल्या. घोडी उभीच. मी पुन्हा हात उचलला तेव्हा चिंगी खाली उतरली आणि घोडीच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

"बाबा, ती ऐकतेय," ती म्हणाली. "तू बस म्हणतोस आणि ती थांबते. आत्या तिला असंच थांबवायची. बस. मग कपाळ चोळायची."

मला ते कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण इतक्या लोकांसमोर माझी मुलगी मला शिकवते आहे, हेच आधी कळलं. मी ओरडलो, "तू गप्प बस."

आणि वावटळीने मान आणखी खाली घातली. कपाळ पुढे केलं. माझ्याकडे. चाबूक माझ्या हातात होता आणि ती कपाळ पुढे करून वाट पाहत होती.

आपल्याकडे घोडा थांबवायला 'ओऽ' म्हणतात. वडील म्हणायचे, मी म्हणतो, तबेल्यातले मोतद्दार म्हणतात. तू दुसरं काही म्हणत असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चिंगीने वहिनीला सांगितलं, तू पहाटे मागच्या मैदानात तिला दोरीवर फिरवायचीस, ती कुंपणावर बसून पाहायची, आणि काम संपलं की तू दोरी गोळा करत म्हणायचीस, बस, झालं आपलं. मग नुसतं बस. मग त्या एका शब्दावर ती कुठूनही थांबायची, मान खाली करायची आणि तू कपाळ चोळायचीस. चिंगीलाही ते आधी आठवलं नव्हतं. माझा आवाज गेला आणि घोडी चालायला लागली तेव्हा ती विचार करत बसली. जेवताना तिला हेच सांगायचं होतं.

म्हणजे कोपऱ्यात काही नव्हतं. कोपऱ्यावर चिंगीचा खांदा पडायचा आणि मी तोंड उघडायचो. मी मुलीला सांगत होतो, ऐकत घोडी होती. आणि जितकं नीट ऐकलं तितका तिने मार खाल्ला.

हे सगळं कळायला मला फार वेळ लागला नाही. तिने कपाळ पुढे केलं तेव्हाच कळलं. आता जे लिहायचं आहे ते हे.

मी बोललो नाही. मालकीणबाईंनी विचारलं, "मास्तर, पोर काय म्हणते?" मी म्हणालो, "काही नाही. मुलांचं काहीतरी असतं." पालक उभे होते. वीस वर्षं शिकवणारा माणूस एका शब्दासाठी घोडीला मारत होता, हे त्यांच्यासमोर म्हणवलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, सोमवारी दलालाला बोलावते. मी मान हलवली. चिंगीने ती हलताना पाहिली.

तू इथून गेलीस तेही अशाच एका बैठकीनंतर. घरात तुझ्याशी मी सहमत होतो की तीन वर्षांची होण्याआधी घोडीवर कोणी बसू नये. मालकीणबाईंसमोर तू ते बोललीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. पण ते तुला माहीत आहे. परवाचं माहीत नव्हतं.

घरी चिंगी जेवायला आली नाही. वहिनीने मला वाढलं आणि म्हणाली, "बसा." मग आम्ही दोघंही जरा थांबलो. ती हसायला लागली होती, माझा चेहरा पाहून तिने हसणं गिळलं. मग समोर बसून शांतपणे विचारलं, बाईंना कधी सांगणार आहात? मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, "बघू नका. जा."

दादा


१५ नोव्हेंबर

धाकटे,

सकाळी गेलो. मालकीणबाई बागेत कुंड्यांची माती बदलत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं: घोडी अडेल नाही, घोडीला शिकवलेलं आहे, माझी चूक आहे, त्या दिवशीच मला समजलं होतं आणि मी तुमच्यासमोर खोटं बोललो. बराच वेळ त्या समजूनच घेत नव्हत्या. मग एकदम समजलं आणि हातातलं खुरपं खाली ठेवून त्या हसल्या. खूप हसल्या. "म्हणजे मास्तर, सगळ्या तबेल्यात शब्द ऐकणारी ती एकटीच?" मला वाटलं होतं, कोणी हसलं तर मी तिथेच गाडला जाईन. तसं झालं नाही. त्या हसत होत्या आणि मी घोडीच्या मागच्या पायांचा विचार करत होतो.

पण ऐक, त्या हसल्या म्हणून प्रश्न सुटला नाही. त्या म्हणाल्या, ज्या घोडीला 'बस' म्हटलं की थांबायचं, ती शिकाऊ मुलांच्या वर्गात कशी चालेल? दिवसभर तिथे दुसरं काय ओरडतात? मी म्हणालो, मी शब्द बदलतो. त्या म्हणाल्या, तुम्ही बदलाल, बाकीचे दोन मास्तर बदलतील, आणि कुंपणाबाहेरचे आईबाप? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हणालो, घोडीला नवीन शब्द शिकवू. हे मी चिंगीला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती माझ्याशी तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तिचा शब्द का बदलायचा? ती चुकली नाहीये."

मी परत गेलो. एकाच सकाळी दोनदा. दुसऱ्यांदा मालकीणबाईंनी चहा दिला. ठरलं ते असं: सोमवारी दलालाला नको म्हणून सांगतील, पण घोडी इथे वर्गात राहणार नाही. तू तिला घेऊन जाणार असशील तर ती तुझी. त्या स्वतःहून म्हणाल्या, जिने शिकवली तिच्याकडेच जाऊ दे. तुमच्या बहिणीला विचारा, महिनाअखेरपर्यंत थांबते. त्यापुढे थांबणार नाहीत, हेही म्हणाल्या, आणि त्या म्हणतात तसंच करतात.

तर हे विचारणं आहे. तू काम करतेस तिथे एका घोडीला जागा मिळेल का, मला ठाऊक नाही. नसली तर मी तिथल्या लोकांना लिहितो, मी तिला गाडीतून आणून सोडतो, तू फक्त हो म्हण. माझ्याशी बोलायचं नसेल तर चिंगीला कळव, ती मला सांगेल. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि मला ज्याचं उत्तर हवंय ते घोडीचं आहे.

तू सुट्टीची वाट पाहू नकोस. शक्य तितक्या लवकर ये.

आणखी एक. हे तुला इथे आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आज दुपारी रिंगण रिकामं होतं. मी तिला बाहेर काढली, पाठीवर काही नाही, फक्त दोरी. चाबूक तबेल्यात ठेवला. तिला चालू दिलं, दोन्ही बाजूंनी, ती चांगली चालली. मग मी तो शब्द म्हणालो. हळू, तू म्हणत असशील तसा, मला तुझा सूर माहीत नाही. ती थांबली. लगेच थांबली. मान खाली केली, कपाळ पुढे केलं.

मी जवळ गेलो आणि कपाळ चोळायला हात उचलला, तशी तिने डोळे घट्ट मिटले. मानेपासून मागपर्यंत सगळी कातडी थरथरली. पण मान वर घेतली नाही. शब्द म्हटला होता ना, म्हणून मान तिथेच ठेवली.

हात वर तसाच राहिला. खाली घ्यावा की पुढे न्यावा, मला कळेना. शेवटी ठेवला. तिने डोळे उघडले, पण लगेच नाही.

म्हणून सांगतो, तू येशील तेव्हा तिला थांबवलंस की हात लगेच नेऊ नकोस. आधी तिला हात दिसू दे, मग थोडं थांब. पूर्वी तुला थांबावं लागत नव्हतं.

दादा